सोपानरावांचं थंडीचं कपाट

सोपानराव कदमांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर पालथे पडले होते. गाल सारवलेल्या जमिनीला टेकलेला, हातात दाढीचा आरसा, आणि त्या आरशातून ते एका पांढऱ्या लोखंडी कपाटाच्या पोटाखाली बघत होते. मला वाटलं, माणूस चक्कर येऊन पडला. मी डॉक्टर, त्यामुळे बॅग सरसावून पुढे झालो. त्यांनी वर न बघताच हात केला आणि म्हणाले, "हलू नका. वारा लागंल."

वारा लागायला नको होता तो रॉकेलच्या वातीला. ते कपाट म्हणजे रेफ्रिजरेटर होता, विजेवाचून रॉकेलवर चालणारा. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती, चाकणला वीज यायला अजून अवकाश होता आणि मला बाजारपेठेत दवाखाना थाटून वर्ष झालं होतं. कुणा गोऱ्या साहेबाने मागे टाकलेलं हे धूड सोपानरावांनी लष्करी सामानाच्या लिलावातून बैलगाडीत घालून आणलं होतं. खाली जाळ करायचा आणि वर बर्फ व्हायचा, हे गावाला काही केल्या पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं, पण शिकलेला असल्यामुळे मी मान डोलावली.

लढाईच्या काळात सोपानराव लष्करात मोटारी दुरुस्त करत. परत आल्यावर पंचक्रोशीतल्या विहिरींवरची ऑइल इंजिनं त्यांच्याच हाताखालून जात. अंगाने ठेंगणे, नखांत कायमचं ग्रीस, बोलणं मोजकं. पण बाजारात एखादी नवी वस्तू आल्याचं कानावर पडलं की हा माणूस बदलून जाई. स्टोव्ह असो, थर्मास असो, बॅटरीवरचा रेडिओ असो, आधी ती वस्तू ते कानाशी नेत, मग नाकाशी, आणि मग सरळ पाना घेऊन खोलायला बसत. "आधी पोटातलं बघू," म्हणत. वस्तू नवीकोरी आहे, चालू आहे, याचं त्यांना काही वाटत नसे. आत काय आहे ते कळल्याशिवाय ती त्यांची होत नसे.

आणखी एक नियम होता. कोणतीही वस्तू महिनाभर स्वतःच्या घरात, स्वतःवर वापरून झाल्याखेरीज ते तिच्याबद्दल तोंड उघडत नसत. महिना झाला की एका शब्दात निकाल. पास, नाहीतर नापास. राजगुरुनगरपासून लोक विचारायला येत, मिस्त्री, अमुक घ्यावं का? महिना भरला नसेल तर सोपानराव त्यांना चहा पाजून परत पाठवत. शाई भरावी न लागणारं पेन त्यांनी नापास केलं होतं, कारण त्याने लिहिताना हात जड होतो आणि अक्षरातला माणूस निघून जातो. हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की माझ्या खिशातलं तसलंच पेन मी हळूच आत सरकवलं.

प्रेशर कुकर आला तेव्हा मी तिथे होतो. शेजारचा किसन आणि त्याची बायको तारा मुद्दाम बघायला आली होती. किसन कांद्याचा बागायतदार, मनाने चांगला पण डोक्यात राख घालून घेणारा. तारा त्याच्या उलट, शांत आणि चौकस. तिने विचारलं, "दादा, फुटला तर वो?" सोपानराव म्हणाले, "म्हणून तर तुमी समदे भाईर बसा." आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना, स्वतःच्या बायकोलाही, अंगणात घालवलं, दार लोटून घेतलं आणि आत कुकरसमोर एकटे बसले. आतून फुसफुस ऐकू येई, मग एकदम बंद पडे, आणि ती बंद पडली की अंगणात कुणी श्वास घेत नसे. यमुनाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाराला हात लावून उभ्या होत्या. शेवटी ते बाहेर आले ते छातीवर तुरीच्या डाळीचे शिंतोडे घेऊन. वाफ जायच्या भोकात डाळीचं टरफल अडकतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. तसं त्यांनी कंपनीला मराठीत पत्र लिहून कळवलं. उत्तर आलं नाही, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

मी त्यांच्याकडे वारंवार जाऊ लागलो त्याला कारण होतं साप. त्या भागात भुईमूग उपटायच्या दिवसांत दंशाचे रोगी यायचे आणि माझ्या हातात त्यांच्यासाठी काही नसायचं. पहिल्याच वर्षी दोन माणसं माझ्यासमोर गेली. एक तर बोलता बोलता गेला. मुंबईहून लस मिळत होती, घोड्याच्या रक्तापासून केलेली, पण ती पातळ असे आणि थंड जागी ठेवावी लागे. चाकणला थंड जागा एकच होती, आणि तिच्याखाली सोपानराव पालथे पडलेले असत.

मी विचारलं तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. कपाट येऊन दहाच दिवस झाले होते. "महिना व्हऊ द्या, डॉक्टर," म्हणाले. मी चिडलो. इथे माणसं मरतात आणि तुम्ही कसली परीक्षा घेताय, असं बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडून थर्मामीटर मागून घेतला. तो महिना मी जीव मुठीत धरून काढला. कपाट जराही कललं तर थंडावा जातो हे त्यांनी त्याच महिन्यात शोधून काढलं आणि त्याच्या चारही पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून ते पाण्याच्या वाटीने सपाट करून घेतलं. वातीवर काजळी धरली की ज्योत पिवळी होते, पिवळी झाली की आत ऊब, हेही कळलं. एकतिसाव्या दिवशी ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, "पास. आणा तुमची लस." सहा बाटल्या मी त्यांच्या हवाली केल्या आणि सांगितलं की या थंड राहिल्या पाहिजेत. एवढंच सांगितलं. याहून जास्त सांगायला हवं होतं, हे मला नंतर कळलं.

दोघा नवराबायकोने मग ती ज्योत सांभाळली. सोपानराव इंजिनांवर गेले की यमुनाबाई बघत. त्यांनाही आरसा धरून वाकायची सवय झाली. बाटल्या लागायच्या आतच दसरा आला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, यंत्रं सगळी धुऊनपुसून पूजतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. सोपानराव या बाबतीत फार कडक होते. यंत्र वर्षभर राबतं, त्याला एक दिवस विसावा द्यायचा, असं ते सगळ्यांना बजावत. त्या दिवशी पंचक्रोशीतलं एकही इंजिन चालत नसे आणि ते स्वतः विहिरीविहिरीवर जाऊन प्रत्येकाला हळदकुंकू लावत. त्या नवमीलाही ते सकाळीच सायकल घेऊन बाहेर पडले आणि रात्री लांबच्या एका वस्तीवरच मुक्कामाला राहिले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, किसन ताराला बैलगाडीत घालून दवाखान्यात आला. जनावरांना गवत कापताना नाग चावला होता, उजव्या हाताला. गाडी पोचेपर्यंत तिच्या पापण्या जड झाल्या होत्या आणि आवाज नाकातून येत होता. मी निरोप धाडला आणि सिरिंज उकळायला ठेवली. सोपानराव धावतच आले. थर्मास छातीशी धरलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला, पण झाकणावरचा हात काढेनात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "काल सकाळी मी कपाट इजवलं व्हतं. नवमीचं. आज सकाळी लावलंय, पर आत अजून गार न्हाई."

मला पहिल्यांदा अर्थच लागेना. मग लागला. ऑक्टोबरचं ऊन, पत्र्याचं घर, आणि बाटल्या दीड दिवस उबेत. किसनने ऐकलं होतं. तो पुढे आला.

"म्हंजे औषध नासलं?"

नासलं की नाही, मला माहीत नव्हतं. मी एकेक बाटली उजेडात धरली. दोन गढूळ वाटल्या, त्या बाजूला ठेवल्या. चार स्वच्छ होत्या. स्वच्छ आहे म्हणजे जोर शिल्लक आहे असं नाही, पण माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. मी किसनला सांगितलं, हेच द्यायचं. त्याने ताराचा हात घट्ट धरला आणि मला शिवू देईना. नासलेलं तिच्या अंगात घालायचं नाही, पुण्याला न्यायचं, म्हणाला. कांद्याची एक ट्रक गावात होती, पण तिच्याही टपावर झेंडूच्या माळा होत्या आणि ड्रायव्हर कुठे गेला होता कुणास ठाऊक. तो सापडला तरी पुणं दोन तासांवर. ताराचा श्वास बघता तिच्याकडे दोन तास नव्हते. मी हे सगळं सांगत होतो आणि किसन नुसती मान हलवत होता. त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. खुद्द ठेवणाऱ्यानेच सांगितलं होतं की ठेवण्यात चूक झाली.

सोपानराव गप्प राहिले असते तर? हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला, आणि त्यांच्यावर राग आला, हे कबूल करतो. कुणाला कळलं नसतं. मी चार स्वच्छ बाटल्या बघितल्या असत्या आणि दिल्या असत्या.

तोवर त्यांनी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर ओढली होती. "आधी मला टोचा," म्हणाले. मग किसनकडे वळून, "मला काय झालं तर तिला देऊ नको. न्हाई झालं तर हात सोड."

यातून काही सिद्ध होत नव्हतं. फार तर एवढं कळलं असतं की औषधाचं विष झालेलं नाही. त्यात नागाच्या विषाला उतरवायचा जोर आहे की नाही, ते त्यांच्या दंडात टोचून कळणार नव्हतंच. मला ते ठाऊक होतं, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी सिरिंज उचलली. थेंबभर लस त्यांच्या कातडीखाली सोडली. त्याहून जास्त सोडवेना, कारण प्रत्येक थेंब ताराचा होता. सोपानराव किसनसमोर ताठ उभे राहिले. खोलीत ताराच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बघितलंस? सोड आता." किसनने हात सोडला.

मी शिरेतून हळूहळू लस द्यायला लागलो. दुसऱ्या बाटलीच्या वेळी सहज मान वळली तर सोपानराव बाही खाली ओढून मनगटाची गुंडी लावत होते. घामाघूम झाले होते. गुंडी लागेना, कारण हात सुजला होता. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या आणि ओठ जाड दिसत होते. काही माणसांना घोड्याची लस सोसत नाही, त्यातले ते एक होते. थेंबाने एवढं झालं होतं. हे किसनला दिसलं असतं तर त्याने सिरिंज माझ्या हातातून हिसकावली असती. असल्या वेळी द्यायच्या औषधाची एकच कुपी माझ्याजवळ होती आणि ती मी तारासाठी काढून ठेवली होती. मी कुपीकडे पाहिलं. सोपानरावांनी मला डोळ्यांनीच नाही म्हटलं, टोपी कपाळावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बाकावर बसले.

पुढचे दोन तास मी कसे काढले ते सांगता येणार नाही. पुढे एक बाई आणि मागे एक पुरुष, दोघांचे श्वास मी एकाच वेळी ऐकत होतो आणि मला वळून बघायची सोय नव्हती. चारही बाटल्या संपल्या. बाहेर पोरं सोनं लुटायला निघाल्याचा गलका चालला होता. ऊन उतरलं. ताराची घरघर थांबली तेव्हा मला वाटलं, संपलं. मग तिने डोळे उघडले. अर्धेच, पण स्वतःहून. किसनला म्हणाली, "वासराला बांधलंय का?" किसन तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. मी कुपी उचलून बाकाकडे धावलो.

आठवडाभर मी सोपानरावांना बघायला रोज त्यांच्या घरी जात होतो. तिसऱ्या दिवशी ते झोपलेले असताना यमुनाबाई दारापर्यंत आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांनी न्हाई वो इजवलं. ते घरी कुठं व्हते? म्या इजवलं. धुतलं, पुसलं, कुकू लावलं. दर सालाला समदी यंत्रं बंद ठेवत्यात, म्या म्हनलं, हीबी ठेवावी." सांगताना त्यांचा पदर तोंडाशी होता. किसनला हे कळलं तर तो आपल्याला उभं जाळील, असं त्यांना वाटत होतं.

सोपानराव जागे झाल्यावर मी विषय काढला. त्यांनी कूस बदलली. "इसावा द्यायचा ह्ये तिला कुनी शिकवलं?" म्हणाले. "मग? माजंच की." मी पुढे त्यांना बजावलं की यापुढे जन्मात घोड्याची कुठलीही लस घेता येणार नाही, धनुर्वाताचीसुद्धा. रोज गंजक्या लोखंडात हात घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट साधी नव्हती. ते आढ्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे मीच नापास." मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी मी मान फिरवून बॅग आवरायला लागलो.

त्यानंतर ती ज्योत विझली नाही. पुढच्या खंडेनवमीला सगळी इंजिनं बंद होती आणि सोपानराव कुठल्याच विहिरीवर गेले नाहीत. लोकांनी नाराजी दाखवली, देवाधर्माचं असं मोडू नये म्हणून दोन-चार वडीलधारी माणसं सांगून गेली. सोपानरावांनी कपाटाला हळदकुंकू लावलं, जळत्या ज्योतीला हात जोडले आणि दिवसभर जवळ बसून राहिले. लग्नकार्याला नवराबायको कधी जोडीने गेली नाहीत. एक जाई, एक थांबे. यमुनाबाईंच्या भावाच्या लग्नातही अक्षता टाकायला त्या एकट्याच होत्या. त्या ज्योतीने बाटल्या राखल्या आणि माझ्या हातून आणखी काही माणसं वाचली. काही नाही वाचली. पण औषध गार नव्हतं म्हणून एकही गेला नाही.

तीन दसरे असे गेले. मग माझं पुण्याला जायचं ठरलं, आणि त्याच सुमारास मुंबईहून लसीचा नवा साठा आला. या वेळी बाटल्यांत पाणी नव्हतं, भुकटी होती. टोचायच्या वेळी पाण्यात विरघळवायची. साध्या कपाटात ठेवली तरी चालणार होतं. निरोप घ्यायला जाताना मी एक बाटली खिशात घातली. ती दाखवावी की न दाखवावी, याचा विचार करत मी त्यांच्या दारापर्यंत गेलो.

तारा तिथेच होती, यमुनाबाईंबरोबर शेंगा निवडत. मी बाटली सोपानरावांच्या हातात दिली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ती हलवून कानाशी नेली, उजेडात फिरवली, पाणी कसं काढून घेतलं असेल, गोठवून की तापवून, असं विचारत राहिले. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. थंड ठेवावी लागत नाही, हे मात्र मी सगळ्यात शेवटी सांगितलं.

त्यांनी बाटली पुन्हा एकदा उजेडात धरली. मग ती त्यांनी माझ्याकडे परत दिली आणि म्हणाले, "चांगलं झालं. लई चांगलं झालं." उठले, कपाटाजवळ गेले, गुडघे टेकून आडवे झाले, गाल जमिनीला लावला. या वेळी आरसा घेतला नव्हता. एक हात वात खाली करायच्या चावीवर होता. बराच वेळ तो तिथेच राहिला.

तारा शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठली. त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, टाकीत राकेल हाय न्हवं? हाय तवर जळू द्या."

त्यांनी चावीवरचा हात काढला. पण उठले नाहीत. यमुनाबाईही येऊन खाली बसल्या. माझी एसटी निघायची होती, म्हणून मी निघालो. दारातून वळून पाहिलं तेव्हा ती तिघं जमिनीशी वाकून कपाटाखाली बघत होती, आणि वारा लागू नये म्हणून ताराने पदर आडवा धरला होता.